निवृत्तीनंतरचे गाव जानेवारीत निवडू नका

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की पुण्या-नाशिकच्या घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. पहाटे फरशीवर पाय टेकवत नाही, गुडघे आखडलेले असतात, खोकल्याची उबळ थांबत नाही. मग चहाच्या कपाबरोबर कोणीतरी म्हणते, ‘आता इथे काय अडलंय आपलं? फ्लॅट विकू आणि कोकणात जाऊन राहू. थंडी नाही, हवा चांगली, खर्चही कमी.’ नाताळच्या सुट्टीत दापोलीला किंवा मालवणला चार दिवस मुक्काम होतो. स्वेटर बॅगेतून बाहेर निघत नाही, जिना चढताना दम लागत नाही आणि परतताना खिशात जमिनीच्या एजंटचे कार्ड असते.

असे एक जोडपे डोळ्यांसमोर आणावे. काका ६८ वर्षांचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, रक्तदाबाची गोळी गेली कित्येक वर्षे चालू. काकू ६४ वर्षांच्या. त्यांना दमा आणि गुडघेदुखी. मुलगी बंगळूरुला. हाताशी निवृत्तिवेतन आणि दोन खोल्यांचा फ्लॅट. तो एकदा विकला आणि दोन वर्षांनी पस्तावून परत यायचे ठरवले, तर तेवढ्या पैशांत पुण्यात पुन्हा घर मिळणे कठीण. म्हणजे हा निर्णय जवळजवळ एकदाच घेता येतो.

त्यांची थंडीबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. थंडी लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ही सोय असते. पण त्यामुळे रक्तदाब वाढतो. लघवी जास्त होते, रक्त किंचित दाट होते, गुठळी होण्याची शक्यता वाढते. हृदयविकाराचे झटके एरवीही सकाळच्या वेळी अधिक येतात, त्यात पहाटेच्या गारठ्याची भर पडते. थंड, कोरडी हवा दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकुंचित करते. शिवाय हिवाळ्यात शहरावरची हवा जमिनीलगत साचून राहते, धूर आणि धूळ वर निघून जात नाही. पुण्यात जानेवारीत पहाटे ११-१२ अंश आणि दुपारी ३० अंश, असा जवळजवळ अठरा अंशांचा झोका शरीराला रोज घ्यावा लागतो. निफाडला तर कडाक्याच्या दिवसांत पारा पाच अंशांखाली उतरतो. रत्नागिरीत त्याच महिन्यात पहाटेचे तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली १३ देशांतील ७ कोटी ४० लाख मृत्यूंच्या नोंदींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७.७१ टक्के मृत्यूंचा संबंध शरीराला न मानवणाऱ्या तापमानाशी होता. त्यात थंडीचा वाटा ७.२९ टक्के आणि उष्णतेचा फक्त ०.४२ टक्के निघाला. त्यातही मोठा भाग हाडे गोठवणाऱ्या थंडीचा नव्हता. ज्या थंडीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, अशा साध्या, मध्यम थंडीचा होता. भारत त्या १३ देशांत नव्हता. पण देशातल्या ‘मिलियन डेथ स्टडी’च्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासातही मध्यम थंडीचा वाटाच मोठा दिसला.

एवढे वाचून सामान बांधायला घेणाऱ्यांनी त्याआधीचा, १९९७ सालचा ‘युरोविंटर’ हा अभ्यास पाहायला हवा. थंडीने सर्वाधिक नुकसान थंड देशांत होत असेल, हा सर्वसाधारण समज. निष्कर्ष उलटा निघाला. बाहेरचे तापमान १८ अंशांखाली उतरू लागल्यावर दर अंशामागे मृत्यूंचे प्रमाण अथेन्समध्ये २.१५ टक्क्यांनी वाढत होते आणि बर्फात बुडालेल्या दक्षिण फिनलंडमध्ये अवघ्या ०.२७ टक्क्यांनी. कारण घरांत आणि कपड्यांत होते. बाहेर ७ अंश असताना फिनलंडमधल्या बैठकीच्या खोलीत सरासरी २१.७ अंश तापमान होते, अथेन्समध्ये १९.२. त्याच थंडीत बाहेर पडणाऱ्यांपैकी फिनलंडमध्ये ७२ टक्के लोकांच्या डोक्यावर टोपी होती, अथेन्समध्ये १३ टक्के लोकांच्या. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे घर आणि माणूस, दोघेही थंडीची तयारी करत नाहीत.

पुण्यातला फ्लॅट अथेन्सच्या जातीचा आहे. सरकत्या खिडक्यांच्या फटी, उघडी फरशी, घर उबदार ठेवण्याची कोणतीच सोय नाही. जागतिक आरोग्य संघटना घरातले तापमान हिवाळ्यात किमान १८ अंश असावे असे सुचवते. काही शे रुपयांचा तापमापक आणून पहाटे पाच वाजता उशाशी काय आकडा दिसतो, हे काका-काकूंनी आठवडाभर लिहून ठेवले, तर निम्मी चर्चा तिथेच मार्गी लागेल. आकडा १५-१६ दिसला, तर खिडकीच्या फटींना रबरी पट्टी, फरशीवर सतरंजी, पायांत मोजे, रात्री डोक्याला कानटोपी, झोपण्याच्या खोलीत तेलाचा हीटर आणि फिरायला जाणे ऊन वर आल्यावर, एवढ्यात बराच फरक पडतो. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावे. हे सारे करायला गाव सोडावे लागत नाही आणि खर्च फ्लॅटच्या मुद्रांक शुल्काच्या जवळपासही जात नाही.

तरीही जायचेच ठरले, तर मग दुसरी बाजू. वयाबरोबर थंडी सोसवेनाशी होते, तसेच उष्णतेचेही होते. फक्त ते जाणवत नाही. म्हाताऱ्या शरीराला घाम उशिरा आणि कमी येतो. तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी कमी पडले तरी कळत नाही. अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते आणि ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे त्याला हे जड जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. पुण्याच्या थंडीत बसवलेले गोळीचे प्रमाण रत्नागिरीच्या मे महिन्यात जास्त ठरू शकते. बसल्या जागेवरून उठताना चक्कर येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. गाव बदलल्यावर पहिल्या महिन्यातच रक्तदाब मोजून घेऊन डॉक्टरांना दाखवावा. गोळी आपल्या मनाने कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कोकणातले तापमान आकड्यांत विदर्भापेक्षा कमी असते, म्हणून ते सौम्य वाटते. पण घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर घाम अंगावरून निथळत राहतो आणि शरीर थंड होत नाही. हवामान खाते उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशासाठी ४० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची मर्यादा धरते, ते याच कारणाने. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी डझनाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी आसपासचे तापमान ३८ अंशांच्या घरात होते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात एप्रिलमध्ये या आकड्याची बातमीही होत नाही.

आर्द्रता धरून उष्णता मोजण्याची एक सोपी रीत आहे. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळायचे. फडके वाळताना फुगा जितका थंड होईल, साधारण तितकेच घामाने शरीर थंड होऊ शकते. या ‘ओल्या’ तापमापकावर ३५ अंश दिसले, तर निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवर प्रयोग केले, तेव्हा शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागला. वृद्धांची मर्यादा त्याहून खाली असते.

सगळे कोकण सारखेही नाही. समुद्राला लागून असलेल्या गावांना दुपारी खारा वारा मिळतो. डोंगरांच्या कुशीत, किनाऱ्यापासून आत गेले की तो पोचत नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. नकाशावर किनारा बोटभर अंतरावर दिसतो, एवढ्यावरून घर घेणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

काकूंचे गुडघे हा आणखी एक नाजूक विषय. थंडीत सांधे दुखतात, म्हणून उबेत जायचे, हे तर्काला धरून वाटते. मँचेस्टर विद्यापीठाने दीर्घकालीन दुखणी असलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांना रोजच्या वेदनेची नोंद मोबाइलवर करायला सांगितली आणि ती त्या-त्या ठिकाणच्या हवामानाशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. वेदनेशी सर्वाधिक संबंध हवेतल्या आर्द्रतेचा होता. त्याखालोखाल कमी वायुदाब आणि वारा. परिणाम फार मोठा नव्हता, पण दिशा स्पष्ट होती. दमट हवा, कमी दाब आणि वारा हे तिन्ही एकत्र कुठे भेटतात, हे कोकणात एकदा श्रावण काढलेल्याला सांगावे लागत नाही. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. नाताळात दापोलीला गुडघे दुखले नाहीत, यात हवेचा वाटा किती आणि वाळूत फिरण्याचा, सुट्टीचा, चार दिवस स्वयंपाकातून सुटका झाल्याचा किती, हेही एकदा विचारायला हरकत नाही.

दम्याचेही तसेच. समुद्रावरची धूळविरहित हवा हिवाळ्यात खरोखरच सुखाची असते. पण जूनपासून भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, गाद्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतले कीटक वाढतात, आणि हे दोन्ही दम्याला चाळवणारे ठरलेले शत्रू आहेत. घर पाहायला जाणाऱ्याला जानेवारीत भिंत कोरडी, नुकती रंगवलेली दिसते.

पावसाळ्याबरोबर लाईटचा प्रश्न येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागातल्या अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. मेणबत्तीवर माणूस राहू शकतो. फ्रीजमध्ये ठेवायचे इन्सुलिन, विजेवर चालणारा नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनचे यंत्र राहू शकत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि कित्येक घरांचे तळमजले बुडाले. गुडघ्यांसाठी तळमजला बरा, हा विचार चिपळुणात किंवा महाडात करताना पुराची रेषा आधी पाहावी लागते.

बागकामाची हौस असेल तर लेप्टोस्पायरोसिसची माहिती हवी. पावसाळ्यात शेतातल्या, अंगणातल्या चिखलातून अनवाणी फिरणाऱ्याच्या पायाच्या भेगेतून हा जंतू शरीरात शिरतो. गमबूट हा साधा उपाय. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. साप-विंचू तर आहेतच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरण्याचे महत्त्वाचे काम डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्याच महाडमध्ये बसून केले. त्यामुळे पूर्वी हमखास दगावणारे अनेक रुग्ण वाचू लागले. पण त्यांना दवाखान्यात वेळेवर पोचावे लागते.

वेळेवर पोचणे, हा या साऱ्या शोधातला सर्वांत महत्त्वाचा निकष आहे आणि तोच बहुधा विचारला जात नाही. घर पाहणारे एजंटला विचारतात, समुद्र किती लांब? विचारायला हवे, सीटी स्कॅनचे यंत्र किती लांब आणि ते रात्री चालू असते का? पक्षाघात झाल्यास मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री स्कॅन केल्याशिवाय होत नाही. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन मग पुढे पाठवतात. गावातल्या रुग्णालयात रात्री दोन वाजता ईसीजी काढून हे इंजेक्शन देणारे कोणी आहे का, हा प्रश्न सरळ विचारावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तरी गंभीर रुग्णाला सावंतवाडीकडून गोव्यात बांबोळीला आणि इतर भागांतून कोल्हापूरला हलवणे आजही नवे नाही. कोल्हापूरचा रस्ता घाटातून जातो, आणि घाट जुलैत दरड कोसळून कधी बंद होईल हे सांगता येत नाही.

आता स्वस्ताईकडे. घराची किंमत आणि भाजीचा दर हे खर्चाचे दोनच आकडे लोक मांडतात. दर पावसाळ्याआधी कौले शाकारणे, गंजलेले गज आणि पत्रे बदलणे, ओलीने पोपडे धरलेल्या भिंती रंगवणे, इन्व्हर्टर, तज्ज्ञ डॉक्टरांसाठी दर तीन महिन्यांनी गाडीने शहरात जाणे, हे वहीत नसते. काका केंद्र सरकारचे पेन्शनर. पुण्यात त्यांना सीजीएचएसचे दवाखाने आहेत. जिथे ही सोय नाही तिथे बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा १,००० रुपये भत्ता घेण्याचा पर्याय असतो. दोघांची महिन्याची औषधे त्यात बसतात का, हे औषधाच्या दुकानातल्या बिलावरून ताडून पाहता येते. ज्यांचा खासगी आरोग्य विमा आहे, त्यांनी पॉलिसीतले ‘झोन’ वाचावेत. काही पॉलिसींत लहान गावच्या पत्त्यावर हप्ता कमी पडतो, पण उपचार पुण्या-मुंबईत घेतले तर बिलाचा काही भाग स्वतःला भरावा लागतो. नेमका मोठ्या आजाराच्या वेळीच हा नियम आठवतो. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान भारत’मध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सुरू झाले आहे, ज्या गावी जायचे तिथल्या कोणत्या रुग्णालयात ते चालते, हे जाण्याआधी पाहावे.

आणि माणसे. अमेरिकेत २०१० साली १४८ अभ्यासांतील ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांच्या जिवंत राहण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. पुण्यात काकूंचा भजनाचा गट आहे, काकांचा टेकडीवरचा कट्टा आहे, खाली औषधवाला आणि समोर वीस वर्षांचे शेजारी. गाडी फक्त काका चालवतात. गावाबाहेरच्या प्लॉटवरच्या बंगल्यात उद्या काका नसले, तर काकू बाजारात कशा जातील? दोघांनी एकत्र बसून बोलायला हा प्रश्न अवघड जातो, म्हणून तो एजंटच्या कार्डाबरोबर खिशातच राहतो. माहेरचे किंवा सासरचे गाव असेल, ओळखीची चार घरे असतील, तर गोष्ट वेगळी.

कोकण नको असे यातून निघत नाही. रत्नागिरी शहरात, रुग्णालयापासून रिक्षाच्या अंतरावर, पुराच्या रेषेच्या वर आणि पहिल्या मजल्यावर घर मिळाले, तर ते पुण्याच्या उपनगरातल्या बाराव्या मजल्यापेक्षा उजवे ठरेल. केवळ थंडी चुकवायची असेल, तर पुण्याहून सौम्य हिवाळ्याची कोल्हापूर किंवा मिरजेसारखी गावेही आहेत. मिरज तर शतकाहून अधिक काळ रुग्णांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथेही पंचगंगा आणि कृष्णा २०१९ मध्ये कुठवर आल्या होत्या, हे शेजाऱ्यांना विचारूनच गल्ली निवडावी. सोलापूरचा हिवाळा आणखी उबदार, पण मे महिना चाळिशीच्या वरचा.

आणखी एक वाट आहे आणि ती सर्वांत कमी खर्चाची असू शकते. फ्लॅट विकायचाच नाही. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी किनाऱ्यावर दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि शिमग्याआधी घरी परतायचे. दोघांच्या दुखण्यांना त्रास देणारे दोन महिने टळतात, पुण्यातला डॉक्टर आणि कट्टा दोन्ही कायम राहतात.

कायमचे जायचेच असेल, तर काका-काकूंनी त्याच गावात पुढच्या वर्षी मे महिन्याचे दोन आठवडे आणि जुलैचे दोन आठवडे भाड्याच्या घरात काढावेत. सोबत रक्तदाब मोजायचे यंत्र, काकूंचा पीक फ्लो मीटर आणि एक वही असावी. जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्री लाईट गेल्यावर रिक्षा बोलावून सर्वांत जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन यावे आणि जायला किती मिनिटे लागली, ते वहीत लिहावे. एजंटला फोन त्यानंतर.